विचारा तर खरं!

प्रश्न पाठवताना गाव आणि तालुका आठवणीने लिहा. आपल्या सीमाभागात एकाच प्रश्नाचं उत्तर ओढ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं असू शकतं. पहिला प्रश्न त्यातलाच आहे.

प्रश्न : आमची वडिलार्जित जमीन दोन राज्यांत आहे. उचगावच्या उताऱ्यावर २-१०-० लिहिलंय आणि तुडयेच्या सातबाऱ्यावर ०.९१. एकेक तुकडा एकेका भावाला द्यायचं ठरलं, तर धाकटा म्हणतो, "दादाला दोनाच्या वर आणि मला एकही पूर्ण नाही?" मोबाईलवर बेरीज केली तर ३.०१ येते. हे ३.०१ काय समजायचं? (ता. बेळगाव)

उत्तर : ३.०१ म्हणजे काहीच नाही. दोन म्हशी आणि तीन घागरी मिळून पाच, तशातली ती बेरीज.

कर्नाटकातला उतारा, म्हणजे आरटीसी किंवा पहाणी, एकर, गुंठे आणि आणे अशा तीन घरांत लिहितात. १६ आण्यांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. तेव्हा २-१०-० म्हणजे २ एकर १० गुंठे, म्हणजे ९० गुंठे. महाराष्ट्रातला सातबारा हेक्टर आणि आर यांत असतो. १०० आरांचा हेक्टर. ०.९१ म्हणजे ९१ आर. आता आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. गुंठ्याचा आर करायचा तर १.०११७ ने गुणा, आराचा गुंठा करायचा तर ०.९८८४ ने. ९१ आरांचे झाले ८९.९५ गुंठे.

थोडक्यात, दोन्ही तुकडे सारखेच आहेत. फरक साधारण ५८ चौरस फुटांचा, म्हणजे एका आण्याहूनही कमी (एक आणा ६८ चौरस फूट). धाकट्याला तेवढं पटवून द्या. मग जमीन पाण्याखाली आहे की कोरडवाहू, वाट आहे की नाही, यावर खुशाल भांडा. ते भांडण तरी खऱ्या मुद्द्यावर होईल.

हा घोळ होतो तो टिंबामुळे. सातबाऱ्यातलं टिंब हे खरं दशांशचिन्ह आहे; उताऱ्यातली आडवी रेघ नुसती घरं वेगळी करते. कुणी २-१० चं २.१० केलं आणि पुढच्याने ते दशांशात वाचलं, की ८४ गुंठे होतात. सहा गुंठे, म्हणजे ६,५३४ चौरस फूट, कागदावरून नाहीसे. २ एकर १० गुंठे दशांशात लिहायचे तर २.२५ एकर लिहावे लागतात. आणि हेच २.२५ दुसऱ्याने '२ एकर २५ गुंठे' असं वाचलं, की पंधरा गुंठे वाढले! गुंठ्याच्या घरात ३९ च्या वर आकडा येऊच शकत नाही, म्हणून २.७५ दिसलं तर तो नक्की दशांश. पण टिंबानंतरचा आकडा ३९ किंवा त्याहून कमी असला तर नुसतं बघून कळत नाही. खरेदीपत्र असो की वाटणीपत्र, क्षेत्र अक्षरांत लिहून घ्या : "दोन एकर दहा गुंठे".

आणखी एक. उताऱ्यात एकूण क्षेत्राखाली 'खराब' असतो, अ आणि ब. अ खराब म्हणजे पिकाला नालायक, पण तुमच्याच ताब्यातली जागा. ब खराब म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. वाटणीत ब खराब धरला तर एक भाऊ नाल्याचा मालक होतो. सातबाऱ्यावरही पोटखराबाचे अ आणि ब असतात, तेही बघा.

हे आणे आले कुठून, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडे होतं, आणि मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा झाली की गुंठा : ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. राज्य बदललं, साखळी राहिली. नव्या वसाहतीतला ३० बाय ४० चा प्लॉट त्यामुळे गुंठ्याहून १११ चौरस फुटांनी मोठा भरतो. 'एक गुंठ्याचा प्लॉट' म्हणून दाखवला तर तुमचा तोटा नाही, पण मोजून घ्याच.

प्रश्न : पुण्याच्या पाहुण्यांना म्हटलं, "जेवण चांगलं होतं खरं मीठ कमी होतं." ते हसायला लागले. चुकलं काय? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : काही नाही. बेळगाव-कोल्हापूरकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्यात 'खरं' म्हणजे खरंच. त्यांना वाटलं तुम्ही जेवणाची शपथेवर साक्ष देताय आणि लगेच उलटताय. "आलो असतो खरं पाऊस लागला" हे वाक्य तिकडे अर्धवट वाटतं, इकडे अगदी पुरतं. तसंच "काय करूलाय?" हे 'करू लागलाय' चं आवळलेलं रूप. आता या सदराचं नाव बेळगावच्या कानाने पुन्हा वाचून बघा.

प्रश्न : गेल्या महिन्याचं कोडं होतं : तागडीवर १ शेरापासून ४० शेरांपर्यंत, म्हणजे पुऱ्या मणापर्यंत, प्रत्येक पूर्ण शेर तोलायचा आहे, कमीत कमी किती वजनं लागतील? मी १, २, ४, ८, १६, ३२ अशी सहा सांगितली आणि तुम्ही उत्तर चूक धरलं. माझ्या सहांत सगळी वजनं होतात, करून बघा. (शहापूर)

उत्तर : होतात, ६३ शेरांपर्यंत होतात. उत्तर चूक नाही, महाग आहे. चार वजनांत भागतं : १, ३, ९ आणि २७.

तुम्ही वजनं एकाच पारड्यात ठेवलीत. कोड्यात तशी अट नव्हती. मालाच्या पारड्यातही वजन ठेवता येतं, आणि तिथे ठेवलेलं वजन वजा होतं. दोन शेर हवेत? इकडे ३, मालाबरोबर १. पाच हवेत? इकडे ९, मालाबरोबर ३ आणि १. चौदाला इकडे एकटं २७ आणि मालाकडे ९, ३, १. विसाला जरा डोकं लागतं : इकडे २७ आणि ३ मिळून ३०, मालाकडे ९ आणि १, माल भरला २० शेर. चाळिसाला चारही एका बाजूला.

चारच का, तेही बघा. प्रत्येक वजनाला तीन जागा आहेत : डावं पारडं, उजवं पारडं, नाहीतर खाली जमिनीवर. चार वजनांच्या मांडण्या ३×३×३×३, म्हणजे ८१. त्यातली एक सगळी खाली, तागडी रिकामी. उरलेल्या ८० निम्म्या एकमेकींच्या उलट्या, म्हणून ४०. एकही मांडणी वाया जात नाही आणि मणाचे शेरही बरोबर ४०. तीन वजनांत १३ च्या पुढे जाता येत नाही.

एवढं सोयीचं असून पेठेत ही वजनं का नव्हती? गिऱ्हाइकामुळे. मालाच्या पारड्यात दुकानदार लोखंड ठेवतोय हे कोण बघून घेईल! म्हणून दुकानात शेर, अर्धा शेर, पावशेर, नवटाक, छटाक अशी निम्म्यानिम्म्याने उतरणारी वजनं. तुमचं उत्तर म्हणजे बाजाराचं उत्तर, आमचं कोड्याचं. तोलाचा शेर ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅम, मण ३७.३२ किलोचा. आज मागतात तो 'पावशेर' अडीचशे ग्रॅमचा, म्हणजे खऱ्या पावशेरापेक्षा सतरा ग्रॅम जास्तच.

मापाचा शेर मात्र निराळा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ते आकारमान आहे, वजन नव्हे. म्हणून 'पायलीचे किलो किती' हा प्रश्न आम्हाला पाठवू नका. तांदळाची पायली, पोह्यांची पायली आणि शेंगांची पायली तोलून बघितलीत तर तीन निरनिराळी उत्तरं मिळतील.

प्रश्न : घरी कुंदा केला की रबरासारखा चिवट होतो आणि पांढरट राहतो. दुकानातल्यासारखा रवाळ आणि तपकिरी कसा करायचा? (खानापूर)

उत्तर : चिवटपणा दह्याचा आहे. दही लवकर घातलंत, नाहीतर जास्त घातलंत. पातळ दुधात दही पडलं की दूध पुरतं फाटतं, पाणी वेगळं होतं, आणि तो चोथा तासभर उकळला की आवळून रबर होतो. दूध आधी दाट झालेलं असेल तर बारीक रवा धरतो आणि मऊच राहतो.

दोन लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पसरट कढईत उकळायला ठेवा. मध्यम आच, उलथन्याने बूड सतत खरवडत राहायचं. दूध निम्मं होऊन रंग सायीसारखा पिवळसर झाला की मग दही : दोन मोठे चमचे, आंबट, घुसळून. तेही एकदम नाही. तीन वेळा, मध्ये दोनदोन मिनिटं सोडून. रवा दिसायला लागला की थांबा, उरलेलं दही राहू द्या. पुढे आटवत ते रबडीहून घट्ट झालं पाहिजे.

साखर एकूण २०० ग्रॅम, आणि ती दोन वाटांनी जाते. १४० ग्रॅम सरळ कढईत. ही पडली की मिश्रण पुन्हा सैल होतं. त्याने घाबरून खवा किंवा मिल्क पावडर घालू नका, दहाबारा मिनिटांत आटतं. उरलेली ६० ग्रॅम वेगळ्या लहान पातेल्यात कोरडीच वितळवायची. मधाचा रंग आला की लगेच आचेवरून काढून त्यात तीन चमचे गरम दूध घाला. ते जोरात फसफसतं, तोंड लांब ठेवा. हा पाक कढईत ओता. थंड दूध घातलंत किंवा पाक तसाच ओतलात तर त्याचे काचेसारखे खडे होतात आणि ते दाताखाली येतात. धूर निघाला, काळपट झाला, तर सरळ टाकून द्या. साठ ग्रॅम साखर वाचवताना दोन लिटर दूध कडू होईल.

तपकिरी रंग त्या पाकाचा, आणि दूध तासदीड तास आटताना स्वतः भाजलं जातं त्याचा. कढईच्या कडेला चिकटलेली तांबूस खरवड आत घालत राहिलात की रंग आपोआप चढतो. गोळा कडा सोडायला लागला, पण अजून ढिला आहे, असं असतानाच उतरवा, निवल्यावर आवळतो. शेवटी अर्धा चमचा वेलदोड्याची पूड. साडेसहाशे-सातशे ग्रॅम कुंदा मिळतो. फारच घट्ट झाला तर पाव वाटी कोमट दूध घालून मंद आचेवर फिरवा. विकतचा खवा साखरेत परतून होतो तो पेढ्याचा गोळा. चवीला वाईट नाही, पण त्याला कुंदा म्हणू नये.

प्रश्न : टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, काँग्रेस रोड आहे. आमच्या शेतात काँग्रेस गवत आहे. तेही १९२४ च्या अधिवेशनातच आलं का? आणि जाणार कधी? (कडोली)

उत्तर : अधिवेशनावर हा आळ नको. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. तिथे जमणाऱ्यांना पाणी पुरावं म्हणून विहीर खोदली, तिला पंपा सरोवर नाव दिलं. ती आजही तिथे आहे. गवताकडे भारतात लक्ष गेलं त्यानंतर तीस वर्षांनी, १९५५ च्या सुमारास पुण्यात. मूळ अमेरिका खंडातलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून नाव पडलं असं सांगतात. पानं गाजरासारखी, म्हणून दुसरं नाव गाजर गवत.

जाणार कधी, ते तुमच्या उपटण्याच्या वेळेवर आहे. एका झाडाला दहा हजारांच्या वर बी धरतं. फुलावर आल्यावर उपटून बांधावर टाकलंत की तुम्ही पेरणीच केलीत. पहिल्या चांगल्या पावसानंतर जमीन मऊ असते, झाड वीतभर असतं, फूल नसतं. तेव्हा मुळासकट काढा. वरून विळ्याने कापू नका, बुडातून पुन्हा फुटतं. फूल नसलेली झाडं कंपोस्टच्या खड्ड्यात चालतात, फुलावरची नाहीत. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालाच. या गवताने अंगाला खाज सुटते, काहींना दमाही लागतो, आणि एकदा अंगावर उठलं की पुढच्या खेपेला लवकर उठतं.

बांध आणि पडीक जागेसाठी दोन उपाय. उन्हाळ्याच्या शेवटी टाकळ्याचं बी फेका. तो दाट उगवतो आणि काँग्रेसला जागा देत नाही. दुसरा, मेक्सिकन भुंगा. १९८४ मध्ये बंगळूरला मुद्दाम आणून सोडलेला हा पांढरट अंगावर काळ्या रेघांचा लहान भुंगा याचीच पानं खातो. पावसाळ्यात पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर तिथे तणनाशक मारू नका, तो फुकटचा गडी आहे. मिठाचं पाणी मारतात तेही खरं आहे, १५ ते २० टक्क्यांचं. पण ते रस्त्याकडेला. पिकाच्या जमिनीत मीठ ओतून गवत मारणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं.

प्रश्न : शेजारच्या कन्नड घरातली युगादी आणि आपला पाडवा कायम एकाच दिवशी. पण तिथल्या उत्तरेकडच्या भाडेकरूंचा चैत्र पंधरा दिवस आधीच लागतो. तिघांत बरोबर कोण? (निपाणी)

उत्तर : तिघेही. मराठी आणि कन्नड पंचांग अमान्त, महिना अमावास्येला संपतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात सगळ्यांचा महिना एक, कृष्ण पक्षात त्यांचा एक पुढे. गोकुळाष्टमी आपल्याला श्रावण वद्य अष्टमी, त्यांना भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस तोच. पाडव्याला कडुनिंब आणि गूळ तुमच्याकडे, बेवू-बेल्ल शेजारी. वस्तू त्याच.

अधिक महिना कसा ओळखायचा हेही विचारलंय. पंचांगात एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत बघा. त्यात सूर्याची संक्रांत नसेल तर तो अधिक. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना भरून काढावा लागतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. जावयांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : बेळगावचं नाव बदललं, पत्त्यावर जुनं लिहायचं की नवं? (अनगोळ)

उत्तर : १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी. पत्रावर काहीही लिहा, पिन चुकवू नका. पहिला आकडा विभागाचा : आपला ५, आणि जवळच्याच चंदगडचा ४. पहिले तीन आकडे टपाल विभागणीचे, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. घाईत ५९० च्या जागी ४९० लिहिलंत तर पाकीट आधी भलत्याच राज्याचं दर्शन घेऊन येतं.

या महिन्याचं कोडं

एक चौरस शेत, बरोबर २ एकर २० गुंठ्यांचं. चारही बाजूंनी आतल्या अंगाला एक साखळी, म्हणजे ३३ फूट, रुंद पट्टा गवतासाठी सोडला आणि मधल्या जागेत भात लावला. भाताखाली किती एकर, किती गुंठे? कॅल्क्युलेटर लागत नाही; साखळीचं आणि गुंठ्याचं नातं वर दिलेलं आहे. तुमचं उत्तर दीड एकर आलं असेल तर पोस्टात टाकू नका, चारही कोपरे दोनदा मोजलेत.